भिका मास्तरांची सपाट रेघ

सुरतेच्या बाजारात सध्या कोणता रंग खपतोय हे कळायला मला कधी बाजारात जावं लागलं नाही. सकाळी मिलमध्ये शिरताना भिका मास्तरांचे हात बघितले की काम व्हायचं. कोपरापर्यंत काळपट तांबडे दिसले की लग्नसराईचा मरून रंग चालू आहे, नखांच्या कडा हिरव्या असल्या की श्रावण जवळ आलाय. त्यांच्या बायकोने एकदा माझ्याकडे तक्रार केली होती, की लग्न झाल्यापासून ह्या माणसाचे हात खरे कोणत्या रंगाचे आहेत ते तिला माहीतच नाही.

उधन्याला आमची मिल होती. पावरलूमवाल्यांकडून कोरं कापड यायचं, आम्ही ते रंगवून, छापून बाजारातल्या व्यापाऱ्यांना परत द्यायचो. मास्तर रंगखात्याचे मुख्य. गाव शिंदखेड्याकडचं, शिक्षण चौथी, आणि ह्या धंद्यात तेव्हा पंचवीसएक वर्षं मुरलेले. मी अमळनेरचा, बी.कॉम. होऊन लॉट रजिस्टर सांभाळायला लागलो होतो. कोणता लॉट, म्हणजे एका वेळी रंगवायचा कापडाचा गठ्ठा, कधी मशीनवर चढला, कधी उतरला, कोणता बिघडून परत रंगवावा लागला, हे लिहायचं. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी पळालेली माणसं परत येऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि शहर जोरात कामाला लागलं होतं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी माझ्यापुढे पांढऱ्या कापडाचे पाच तुकडे टाकले आणि त्यातले सारखे कोणते ते विचारलं. मी म्हटलं, पाचही सारखेच आहेत. त्यांनी शांतपणे तुकडे गोळा केले आणि सुकलालला सांगितलं, ह्याला रजिस्टरच दे, रंगाजवळ येऊ देऊ नकोस. सुकलाल आणि राजधर हे त्यांचे दोन मशीनवाले. दोघेही खानदेशातले, दोघांचीही बिऱ्हाडं लिंबायतला, दोघांच्या घरी शाळेत जाणारी पोरं. मास्तर त्यांच्यावर दिवसभर खेकसायचे आणि डबा मात्र त्यांच्याशिवाय उघडायचे नाहीत.

मास्तरांना कशाचीच घाई नसे. "घाई करस तो दोनदा करस," हे त्यांचं ब्रीदवाक्य. आमची रंगाची मशीनं म्हणजे आडव्या टाक्या. कापड आत कोंडून उकळत्याहून गरम पाण्यात फिरवायचं, मग थंड करून एक तुकडा कापून बघायचा. शेड जुळली नाही तर चिमूटभर रंग वाढवायचा. हा तुकडा मास्तर मागच्या दाराशी उजेडात नेऊन बघत. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मग परत येऊन एखाद्या वाडग्यातला रंग चिमटीत घ्यायचे, टाकायचे, आणि लॉट जुळायचाच. इतर मिलमध्ये दर दहा-बारा लॉटमागे एक परत रंगवावा लागे. मास्तरांच्या खात्यात महिन्याच्या दोनशे लॉटांत चार, फार तर पाच. माझ्या आधीच्या कारकुनाचं रजिस्टर काढून बघितलं, तर त्यातही तेच चार-पाच.

एकदा एका बड्या व्यापाऱ्याने अबोली रंगाचा अख्खा लॉट नाकारला. शेड जुळत नाही म्हणे. मास्तर स्वतः रिक्षा करून त्याच्या दुकानात गेले, मलाही नेलं. तिथे त्यांनी व्यापाऱ्याला दुकानातले दिवे बंद करायला लावले, त्याला हाताला धरून जिन्यात आणलं आणि दोन्ही तुकडे खिडकीत धरले. व्यापारी खजील झाला. खूश होऊन त्याने मास्तरांच्या बायकोसाठी एक साडी दिली. मास्तरांनी तिचं टोक तिथल्याच नळाखाली धरून चोळलं, बोटाला लागलेला जांभळा रंग बघितला, आणि साडी घडी घालून परत दिली. लॉट वाचवला आणि गिऱ्हाईक दुखावलं, दोन्ही कामं एका खेपेत. शेठना हे कळलं तेव्हा त्यांना हसावं की रागवावं समजेना.

आमचे शेठ मनाने चांगले, पण नव्या गोष्टीच्या फार लवकर प्रेमात पडत. एका मोठ्या हॉटेलात कारखानदारांचं तीन दिवसांचं शिबिर झालं, तिथून ते बदलून आले. आपल्या मिलमध्ये आता सतत सुधारणा होणार, असं त्यांनी जाहीर केलं. मग त्यासाठी बडोद्याहून सल्लागार आले, देसाई साहेब. वय तिशीच्या आत, कपडे परीटघडीचे, खिशात तीन रंगांची पेनं. त्यांची फी किती हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण त्या साली दिवाळीला मिठाईचा डबा लहान झाला, एवढं सगळ्यांच्या लक्षात आलं.

देसाई साहेबांची टिंगल करणं सोपं आहे आणि आम्ही ती भरपूर केली. पण माणूस उंटावरून शेळ्या हाकणारा नव्हता. पहिले पंधरा दिवस तो नुसता रंगखात्यात उभा राहून पावलं मोजत होता. रंगाचे डबे वर माळ्यावर असत, दर वेळी कुणीतरी लोखंडी जिना चढून जाई. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. देसाई साहेबांनी मशीनशेजारी एक मांडणी ठोकून घेतली आणि डबे खाली आणले. संध्याकाळी मास्तर गुडघे चोळत मला म्हणाले, की पोरगा हुशार आहे, हे आपल्याला दहा वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.

दुसरी गोष्ट त्याने केली ती शेडचं पुस्तक. मास्तरांच्या डोक्यात आहे ते सगळं कागदावर आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मला वाटलं, मास्तर उडवून लावतील. जाणत्या कारागिराने आपली किल्ली दुसऱ्याच्या हातात का द्यावी? पण मास्तर बसले. महिनाभर रोज जेवणानंतर ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. अडचण एकच आली. मास्तर म्हणत चिमूटभर, देसाई साहेबांना हवे ग्रॅम. शेवटी प्रयोगशाळेतला नाजूक काटा आणला आणि मास्तरांना दहा चिमटी रंग एकेक करून त्यावर टाकायला सांगितलं. दहाही वेळा आकडा तोच आला. देसाई साहेबांनी काटा बिघडला म्हणून दुरुस्तीला पाठवला. मास्तरांनी राजधरकडे बघून डोळा बारीक केला.

खरी गंमत झाली ती पायाच्या महिन्यात.

देसाई साहेबांच्या पद्धतीत प्रत्येक खात्याचा एक तक्ता भिंतीवर लागणार होता. बिघाड किती, ते दर महिन्याला रेघेने दाखवायचं. रेघ खाली यायला हवी. जितकी खाली येईल तितकी सुधारणा, आणि त्यावर बक्षीस. पहिला महिना मोजणीचा, तो पायाचा महिना. जे खातं सहा महिन्यांत सुधारणार नाही, तिथे माणसं जास्त आहेत किंवा कामाची नाहीत असं समजून दोन माणसं कमी करायची, हेही शेठच्या सहीने फळ्यावर लागलं.

आता आमची माणसं काय कमी? पायाचा महिना वाईट गेला म्हणजे पुढचे महिने आपोआप चांगले दिसणार, हे शाळेत न गेलेल्यालाही कळत होतं. छपाईखात्याने त्या महिन्यात नक्षीच्या पट्ट्या मुद्दाम सरकवून छापल्या. घडीखात्यात कापडाला डाग पडायला लागले, तेही जणू कुणी मोजून पाडावेत तसे. जिथे प्रत्यक्ष बिघडवणं जमेना तिथले मुकादम माझ्याकडे येऊन, भाऊ, दोन-चार वाढवून लिही, असं गोड बोलत. मीही लिहीत होतो. एकाच्या ओळखीने मला ही नोकरी मिळाली होती, दुसरा माझ्या घरमालकाचा भाऊ, नाही कुणाला म्हणणार? प्रत्येक पानाखाली माझी सही असे. मिल उभी राहिल्यापासून इतका वाईट महिना कुणी पाहिला नव्हता. शेठ डोकं धरून बसले होते आणि देसाई साहेब त्यांना सांगत होते, की घाबरू नका, खरी परिस्थिती आता कुठे उजेडात आली.

मी मास्तरांकडे गेलो. म्हटलं, तुमच्या खात्याचे पंधरा लॉट बिघडले असं लिहून टाकतो. चारावरून पुढे कुठे उतरणार आहात तुम्ही? ते सुपारी कातरत होते, तसेच थांबले.

"लिखशी तं खरं लिख," ते म्हणाले. "मी खरंखुरं बिघाडस."

म्हणजे रजिस्टरमध्ये खोटं नको, त्यापेक्षा लॉटच बिघडवतो. हे प्रामाणिकपणाचं टोक होतं की मूर्खपणाचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सुकलाल-राजधरची नोकरी त्या रेघेवर टांगली आहे हे त्यांना पुरतं कळलं होतं. त्यांनी दोघांना बोलावून सांगितलं, की ह्या आठवड्यात तीन लॉट वाया घालवायचे, आणि कुठले ते मी सांगेन.

पहिला होता मोरपिशी. तुकडा काढला, बघितला, निळा कमी पडला होता. मास्तर म्हणाले, राहू दे, उतरवा. राजधरने झाकणाला हात लावला तेवढ्यात मास्तर म्हणाले, थांब जरा. चिमूट पडली. लॉट जुळला.

दुसरा लिंबू रंगाचा. ह्या वेळी मास्तर तुकडा बघायलाच गेले नाहीत, मुद्दाम बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसले. दहा मिनिटांत अर्धा कप टाकून परत आले आणि सुकलालवर ओरडले, की एवढी पिवळी वाफ येतेय ती तुला दिसत नाही का. तोही जुळला.

तिसऱ्या वेळी त्यांनी हद्द केली. आपला उजवा हात खिशात घातला आणि राजधरला म्हणाले, मी काहीही बोललो तरी ऐकू नकोस, उतरव. गुलाबी होता. राजधरने तुकडा कापून समोर धरला. मास्तर त्याच्याकडे बघत उभे राहिले, कपाळावर घाम. मग डाव्या हाताने वाडगं ओढलं. ती चिमूटही चुकली नाही.

त्या संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन स्टुलावर बसले. इतका ओशाळलेला माणूस मी पाहिला नाही. चोरी करायला जाऊन चोरी न जमलेल्या माणसासारखे दिसत होते.

"मन्हा हात आयकस नही रे भाऊ," ते म्हणाले. "मी काय करू?"

पायाच्या महिन्यात रंगखात्याचे बिघडलेले लॉट चार. तेवढं एक पान मी खरं लिहिलं.

पुढचे सहा महिने भिंतीवरचे सगळे तक्ते बघण्यासारखे होते. छपाईची रेघ घसरगुंडीसारखी खाली. घडीखात्याची त्याहून. दर महिन्याच्या सभेत टाळ्या, पेढे, देसाई साहेबांच्या पाठीवर शेठचा हात. रंगखात्याची रेघ मात्र जमिनीला चिकटून सरळ. चार, पाच, चार, चार, पाच, चार. देसाई साहेबांनी तीन रंगांपैकी लाल पेनाने त्याखाली लिहिलं, सुधारणा नाही. मी एकदा धीर करून त्यांना म्हटलं, की साहेब, ही रेघ मुळातच खाली आहे. ते समजुतीने हसले आणि म्हणाले, आहे त्यावर समाधान मानणं हाच तर आपला शत्रू आहे. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं, की बाकीच्या रेघा वरून सुरू झाल्या त्या मीच वर नेऊन ठेवल्या आहेत. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातल्या चोरांच्या बाजूला मी उभा होतो.

सुकलाल आणि राजधरची नावं कागदावर आली. मास्तर कागद घेऊन सरळ शेठच्या केबिनमध्ये गेले, मी रजिस्टर घेऊन मागे. शेठशी ते नेहमी त्यांच्या खास हिंदीत बोलत.

"शेठ, दो आदमी कम करना है ना? तो मेरे से गिनो."

शेठना कळेना. मास्तरांनी समजावलं, की माझा पगार ह्या दोघांच्या पगाराइतका आहे. मी गेलो की दोन माणसं गेली. कागद पुरा होतो. पोरांना काम येतं, पुस्तक लिहून झालंय, डबेही आता खाली आहेत. शेठ खुर्चीतून उठले. मास्टर, तमे आवुं न बोलो, तुम्ही असं बोलू नका, हे दोनदा म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मी पाहिलं. पण देसाई साहेबांनी आकडा जुळतो म्हणून मान डोलावली, आणि आपणच सही केलेला नियम आपणच मोडायचा कसा, हे शेठना सुचलं नाही. महिनाअखेरीस मास्तर गेले. निरोपाला त्यांनी नारळसुद्धा घेतला नाही.

त्यानंतर रंगखात्याचं जे व्हायचं ते झालं. पहिल्या महिन्यात वीस लॉट परत रंगवले, दुसऱ्यात तेवढेच. सुकलाल रडकुंडीला आला होता. दोघे शेडचं पुस्तक उशाशी घेऊन झोपत म्हणे. रविवारी मास्तरांच्या खोलीवर जाऊन बसत, ते बिघडलेले तुकडे बघून शिव्या देत आणि चुका सांगत. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून लॉट सुधारायला लागले. पंधरा, बारा, नऊ. दसऱ्याच्या सुमारास सात.

मिलमध्ये दसऱ्याला मशीनची पूजा असते आणि जुन्या माणसांना बोलावणं असतं. त्या वर्षी पूजेनंतर बक्षिसंही होती. मास्तर धुतलेला पांढरा सदरा घालून आले होते, आणि मागे कामगारांमध्ये माझ्या शेजारी सतरंजीवर बसले. हात स्वच्छ होते. गव्हाळ रंगाचे, अगदी साधे हात. मला ते बघवेनात.

देसाई साहेबांनी रंगखात्याचा तक्ता उलगडला. जुना भरला म्हणून काढून टाकला होता, हा नवा. मास्तर गेल्यानंतरच्या महिन्यांचा. त्यांच्या पद्धतीत माणसं बदलली की पाया नव्याने धरायचा, त्यामुळे रेघ विसावर सुरू होऊन सातावर येत होती. सगळ्या मिलमध्ये सर्वांत मोठी उतरण. सर्वोत्तम सुधारणेचं पहिलं बक्षीस, रंगखातं. सुकलाल आणि राजधर माना खाली घालून पुढे गेले. देसाई साहेबांनी प्रेमाने विचारलं, हे कसं साधलंत ते सगळ्यांना सांगा. सुकलालने मागे मास्तरांकडे बघितलं. शेवटी तो म्हणाला, मास्तर गेले, म्हणून झालं. लोक हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याची अडगळ गेली असं म्हणतोय.

मी उठायला लागलो. पुरे झालं, म्हटलं, आज चार आणि सात ह्यातला फरक ह्या लोकांना सांगतोच. मनगटावर पकड बसली.

"बठ," मास्तर म्हणाले. "पोरेसनं नाव व्हई ऱ्हायनं, व्हऊ दे."

आणि ते टाळ्या वाजवायला लागले. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालूच होत्या.

पुढे मी बऱ्याच ठिकाणी नोकऱ्या केल्या. सुधारणेच्या पद्धती वेगवेगळी नावं घेऊन येत राहिल्या. कुणी मला विचारतं, एवढा खर्च करण्यासारखं त्यात असतं का? मी त्यांना रंगाच्या डब्यांची मांडणी सांगतो, शेडचं पुस्तक सांगतो. त्या पुस्तकाशिवाय ती दोन पोरं तरली नसती, हे खरंच आहे. साहेबांच्या फीचं काय, ती कशीही वसूल होते. पण आमच्या मिलने दिलेली खरी किंमत कुठल्या तक्त्यावर चढली नाही, आणि ती चढू नये ह्याची सोय मी स्वतःच्या हाताने केली होती. एवढं मात्र मी कुणाला सांगत नाही. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

त्या दसऱ्याच्या दिवशी मास्तरांना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. वॉचमनने अडवलं. बाहेरच्या माणसाला आता चिठ्ठीवर सही असल्याशिवाय सोडायचं नाही, असा नवा नियम होता. इतकी वर्षं ज्या फाटकातून माणूस आला-गेला तिथेच तो बाहेरचा झाला होता. मास्तरांनी खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. आत येताना त्यांनी ती स्वतः भरली होती, चौथीतल्या मुलाच्या गोल अक्षरात. नाव, गाव. कोणाला भेटायचं, त्या रकान्यात सुकलाल व राजधर. कामाचं स्वरूप, त्यापुढे लिहिलं होतं, पोरे दखाले, म्हणजे पोरांना बघायला.

शेवटची चौकट माझ्यासाठी होती. काम पूर्ण झाले. तिच्याखाली मी सही केली. त्या मिलमध्ये मी हजारो सह्या केल्या असतील, पण ह्या सहीच्या वरचं प्रत्येक अक्षर खरं होतं.